उन्हाची क्रीम: आम्ही विकली, परत घेतली, मग शिकलो

कोणी भाकरी थापत असाल, कोणी गोठ्यात असाल, कोणी दिवसभर निंदून आता कुठे ओट्यावर टेकला असाल. कामं चालू द्या, कान मात्र इकडे द्या. आज आम्ही उन्हाबद्दल बोलणार आहोत. उन्हात काय बोलायचं, जन्म गेला उन्हात, असं म्हणाल. आम्हीही तसंच म्हणत होतो.

आधी आमची चूक सांगतो. गेल्या फाल्गुनात आमच्या गटानं एक धंदा केला. तालुक्याच्या बाजारात एकानं सांगितलं की उन्हाची क्रीम आली आहे, ऊनही लागत नाही आणि वांगही जातो, चेहरा उजळतो. एकशेचाळीसला एक अशा चोवीस ट्यूबा आम्ही उचलल्या आणि एकशेऐंशीला विकायला लागलो. महिन्यात एकोणीस गेल्या. गटाच्या कुठल्याच मालाला इतका उठाव कधी नव्हता, कुरडयांनाही नाही. पंधरा दिवसांत चेहरे खरंच उजळले. आमच्यातल्या एका वहिनींच्या गालावर दुसऱ्या बाळंतपणापासून वांग होता, तोही फिका पडला. आम्ही खूश.

मग ट्यूब संपली आणि वहिनींनी पुन्हा घ्यायची राहून गेली. आठ दिवसांत चेहरा लालबुंद. उन्हात गेलं की आग, चुलीपुढं बसलं की आग, बारीक पुटकुळ्या, कातडी पापडासारखी पातळ. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी ट्यूब हातात घेतली, उलटसुलट केली आणि विचारलं, "कोणी दिली ही?" वहिनी आमच्याकडे बघायला लागल्या. त्या वेळी जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं वाटलं असतं.

ट्यूबवर बनवणाऱ्याचा धड पत्ता नव्हता, परवाना क्रमांक नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की अशा क्रीममध्ये बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं. स्टिरॉइडनं चेहरा चटकन उजळतो, म्हणून बाई फसते. पण ते कातडी पातळ करतं, आणि सोडलं की चेहरा उलटून पेटतो. भारतातल्या त्वचेच्या डॉक्टरांनी अशा चेहऱ्याला वेगळं नावच ठेवलंय, इतके पेशंट येतात. स्टिरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केंद्र सरकारनं २०१८ साली कडक केला, तरी बाजारात पाटीवर ती मिळतातच. आणि नुसतं स्टिरॉइडच नाही. काही गोऱ्या करणाऱ्या क्रीममध्ये पारा सापडलाय. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात किडनीच्या डॉक्टरांकडे एका खास प्रकारचा किडनीचा आजार झालेले पंधरा पेशंट आले, त्यांतल्या तेरा जणांनी अशी क्रीम लावल्याचं सांगितलं. तोंडाला लावायची वस्तू किडनीपर्यंत जाते, हे आम्हाला कुठं माहीत?

दुसऱ्या दिवसापासून घरोघर गेलो. सोळा ट्यूबा परत आल्या, तिघींच्या संपल्या होत्या. सगळ्या एकोणीस जणींचे पूर्ण पैसे दिले आणि ज्यांनी लावली होती त्यांना डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं, कारण असली क्रीम एकदम सोडली तर त्रास वाढतो, ती त्यांच्या सांगण्यानं सोडावी लागते. बाजारातल्या त्या माणसानं माल परत घेतला नाही. तीन हजार तीनशे साठ रुपये गटाच्या नफ्यातून गेले. तसा ठरावच लिहिलाय आमच्या वहीत, खाली सगळ्यांच्या सह्या आणि दोन अंगठे.

एक मावशी मात्र म्हणाल्या, "पैसे गेले ते गेले. पण खरी उन्हाची क्रीम असते का नाही, हे तरी कळू द्या." तेव्हापासून आम्ही विचारत आलो, वाचत आलो. डॉक्टरीणबाई एका बैठकीला आल्या. आमच्यात एक-दोघी कॉलेज केलेल्या आहेत, त्यांनी शोधून वाचलं. त्यातलं समजलेलं सांगतो.

उन्हात उजेड असतो, ऊब असते, आणि तिसरे किरण असतात ते डोळ्यांना दिसत नाहीत, अंगाला जाणवत नाहीत. त्यांना अतिनील किरण म्हणतात. कातडी काळी पडते, भाजते, सुरकुतते ती मुख्यतः यांच्यामुळे. त्यांचे आपल्याशी संबंध असलेले दोन प्रकार, यूव्ही-ए आणि यूव्ही-बी. बी वरवर भाजतो. ए खोल जातो, कातडीला आतून धरून ठेवणारे धागे तोडतो. खिडकीची साधी काच बी ला अडवते, ए ला येऊ देते.

हे कसं दिसतं त्याचा एक फोटो आहे, २०१२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय मासिकात छापून आलेला. एकोणसत्तर वर्षांचा माणूस, अठ्ठावीस वर्षं मालाची गाडी चालवलेली. त्याच्या चेहऱ्याची एक बाजू साधी म्हाताऱ्याची, आणि दुसरी, खिडकीकडची, जाड, लोंबलेली, खोल घड्या पडलेली. एकाच माणसाचे दोन गाल, आणि मधे जणू वीस वर्षांचं अंतर. तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो. आपल्याकडे उजवीकडे बसतो, तेव्हा घरात कोणी गाडीवर असेल तर त्याचा उजवा हात आणि डावा हात शेजारी ठेवून बघा. आम्ही बघितले. फरक दिसतो हो.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. ऊन तापलं म्हणजेच हे किरण जास्त, असं नसतं. अंगाची लाही दुपारी तीन-चारला जास्त होते, पण हे किरण सूर्य डोक्यावर असताना, बाराच्या आसपास सर्वांत जोरात असतात. थंडीत कांदे लावताना वारा गार असतो, आपण पदर मागं टाकून वाकतो, तेव्हाही ते पडतच असतात. पातळ ढगातूनही त्यांतले बरेच खाली येतात. मग ओळखायचं कसं? घड्याळ नको, मोबाईल नको. आपली सावली बघायची. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की किरण जोरात आहेत, आणि जितकी आखूड तितका जोर जास्त. आपल्याकडे चैत्र-वैशाखात ती बाराच्या सुमाराला पायाखालीच येते. ही खूण आम्हाला सगळ्यांत आवडली. फुकट आहे, आणि शेतात कुणाचीही मोजता येते.

आता क्रीम. खरी सनस्क्रीन असते, आणि तिचा उपयोग होतो, हे माणसांवर वर्षानुवर्षं तपासून सिद्ध झालंय. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड भागात नँबूर नावाचं गाव आहे. तिथले बरेच लोक गोरे, ऊन मात्र कडक, म्हणून कातडीचा कॅन्सर तिकडे फार. १९९२ साली तिथल्या एक हजार सहाशे एकवीस जणांना घेऊन प्रयोग सुरू झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे लोकांचे गट पाडले. एका गटानं रोज सकाळी तोंडाला, मानेला, हातांना सनस्क्रीन लावायची, दुसऱ्यानं आपल्या मर्जीनं, वाटलं तर. साडेचार वर्षं हे चाललं. रोज लावणाऱ्यांत कातडीच्या कॅन्सरचा एक प्रकार सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी झाला. दुसऱ्या एका प्रकारात काही फरक पडला नाही, तेही त्यांनी लपवलं नाही. प्रयोग संपल्यावर आणखी दहा वर्षं माग ठेवला, तेव्हा मेलानोमा नावाचा जो जिवावरचा कॅन्सर असतो, तो रोजवाल्यांत अकरा जणांना आणि मर्जीवाल्यांत बावीस जणांना झालेला निघाला.

त्याच लोकांतल्या पंचावन्नच्या आतल्यांचा आणखी एक अभ्यास २०१३ साली आला. त्यांच्या हाताच्या पाठीचे ठसे घेतले होते, रबरासारख्या पदार्थात, प्रयोगाच्या सुरुवातीला आणि शेवटी. आपण अंगठा देतो ना, तसंच, पण हाताच्या पाठीचं. कातडीवरच्या बारीक रेघा किती पुसल्या गेल्या ते त्यात मोजलं. रोज लावणाऱ्यांची कातडी चोवीस टक्के कमी म्हातारी झाली होती. आणि ही क्रीम काही महागातली, मोठ्या आकड्याची नव्हती. एसपीएफ पंधरा-सोळाचीच होती. रोज लावली, एवढंच.

पण इथे आम्ही डॉक्टरीणबाईंना अडवलं. ते गोरे, आपण सावळे, काळे. मग आपलं काय? त्या म्हणाल्या, प्रश्न बरोबर आहे. सावळ्या कातडीत रंगद्रव्य असतं, ते स्वतःच थोडी छत्री धरतं. म्हणून आपल्याकडे उन्हानं होणारा कातडीचा कॅन्सर खूप कमी आहे. कॅन्सरच्या भीतीनं प्रत्येकीनं ट्यूब घ्यावी असं आम्ही सांगणार नाही. जो कोणी तशी भीती घालून विकत असेल, त्याला दारातूनच परत पाठवा. आपला त्रास वेगळा. वांग, काळे डाग, उन्हानं उठणारी पुरळ, लवकर सुरकुतणारी मान, आणि डोळे. उन्हात राबणाऱ्यांच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावर मांसाचा पापुद्रा चढतो, मोतीबिंदूचा धोकाही वाढतो. डोळ्यात क्रीम घालता येत नाही. तिथे टोपीच लागते.

वांगाचं तर आणखी एक आहे. सावळ्या कातडीवर नुसता दिसणारा उजेडसुद्धा डाग गडद करतो, आणि साधी सनस्क्रीन उजेड अडवत नाही. ज्या क्रीममध्ये लोहाचा रंग, म्हणजे आयर्न ऑक्साइड मिसळलेलं असतं, मातकट रंगाची दिसते ती, तिचा वांग असलेल्या बायकांना जास्त फायदा झाला, असं मेक्सिकोतल्या अभ्यासात दिसलंय. काव-गेरूला जो रंग येतो, तोही लोहामुळेच. म्हणून काव फासून बसू नका हं, क्रीममधलं शुद्ध केलेलं असतं. वांग गरोदरपणात येतो, गर्भनिरोधक गोळ्यांनीही वाढतो. गोळ्या मनानं बंद करू नका, नर्सताईंशी आधी बोला.

दुकानात गेलात तर आकडे दिसतील. एसपीएफ तीस म्हणजे तीस तास नव्हे आणि तीस मिनिटंही नव्हे. भाजणारे शंभर किरण आले तर पंधराच्या क्रीममधून सातेक आत जातात, तीसच्या क्रीममधून तीनेक, पन्नासच्या क्रीममधून दोन. बघा, तीस आणि पन्नासमध्ये फरक एकाचा, आणि किमतीत कितीतरी. तीस पुरे. हा आकडा मुख्यतः बी किरणांचा. ए साठी ब्रॉड स्पेक्ट्रम लिहिलेलं बघा, किंवा पीए आणि पुढं अधिकच्या खुणा, तीन तरी असाव्यात. परवाना क्रमांक, बनवणाऱ्याचा पत्ता, शेवटची तारीख नसेल तर खाली ठेवा. आम्ही ठेवली नव्हती.

आता गणित, कारण आपण बचत गटाच्या बायका. हा आकडा प्रयोगशाळेत ठरवतात तेव्हा क्रीमचा चांगला जाड थर लावतात. आपण मात्र कुंकवासारखी टिकली लावतो आणि ती चेहराभर पसरतो. लोक साधारण पाव ते अर्धीच लावतात, असं दिसून आलंय, आणि मग तीसचा आकडा कागदावरच राहतो. तोंडाला आणि मानेला दोन बोटांवर उभ्या रेघा भरतील एवढी लागते, म्हणजे सुमारे एक ग्रॅम. पन्नास ग्रॅमची ट्यूब दिवसातून एकदा लावली तर पन्नास दिवस, आणि घाम येतो म्हणून दुपारी पुन्हा लावायची तर पंचवीस दिवस. सगळ्या अंगाला लावायची झाली तर एका वेळेला तीस ग्रॅम लागते, दुसऱ्या दिवशी ट्यूब उताणी. मजुरी किती आणि ट्यूब किती, ते तुम्हीच मनात मांडा. ज्यांना वांग आहे, डॉक्टरांनी सांगितलंय, त्यांनी तोंडापुरती घ्यावी. ज्यांना कोड आहे, किंवा जी मुलं जन्मतःच पांढऱ्या कातडीची, पांढऱ्या केसांची असतात, त्यांच्यासाठी मात्र ती चैन नाही, औषधच आहे. तशी मुलं उन्हानं खरोखर कॅन्सरपर्यंत जातात. टांझानियात मोशी गावच्या एका दवाखान्यात त्यांच्यासाठी खास सनस्क्रीन तिथल्या तिथे बनवतात.

हे ऐकून आमच्या डोक्यात परत धंदा आला, खोटं कशाला बोला. कोरफड आणि हळद आहे, खोबरेल आहे, आपणही बनवू. तर नाही. टांझानियात पाठीमागं औषध जाणणारी माणसं आणि प्रयोगशाळा आहे. आपल्याकडे विकण्यासाठी क्रीम बनवायची तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, तो साबणालाही लागतो. आणि खोबरेल लावून ऊन अडत नाही, थोडंफार काही होत असेल तर त्यावर विसंबण्याइतकं नाही. लिंबाचं तर उलटच. तोंडाला लिंबू चोळून उन्हात गेलं तर त्या रसातले घटक उन्हाशी मिळून कातडी भाजतात, फोड येतात, मागं काळे पट्टे राहतात. आमच्या एका सुनेच्या ओठाजवळचा डाग आम्ही वर्षभर भुताटकीसारखा न्याहाळत होतो, तो लिंबाचा निघाला.

आणखी एक. दरवर्षी पावसाळ्यानंतर पापण्या सुजतात, मान खाजते, आपण म्हणतो ऊन बाधलं. ते गाजर गवत असू शकतं. हे तण १९५५च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलं आणि मग देशभर पसरलं. त्याची धूळ वाऱ्यानं तोंडावर बसते. त्याला क्रीमचा उपयोग नाही, ते उपटताना हातमोजे आणि तोंडाला फडकं लागतं.

मग उरलं काय? कापड. ऑस्ट्रेलियावाल्यांनी कापडाचाही आकडा काढलाय, १९९६ पासून. त्यातून जे समजतं ते आपल्या आज्यांना ठाऊक होतं, फक्त मोजलेलं नव्हतं. पातळ पांढऱ्या सुती कापडातून बरेच किरण आत येतात, आणि ते घामानं ओलं झालं की आणखी. घट्ट विणीचं, गडद रंगाचं कापड जास्त अडवतं. नवं सुती कापड धुतल्यावर आटतं, वीण दाटते, ते चांगलंच. पण आपण शेतात साडीवर नवऱ्याचा जो जुना शर्ट चढवतो, तो विरविरीत झालेला असतो. उजेडासमोर धरून बघा. पलीकडचा दिवा दिसला तर ऊनही तिथून येतंय. नवऱ्याला म्हणावं, यंदा जुना तुम्ही घाला.

टोपीचं तसंच. पुढं चोच असलेली टोपी कपाळ झाकते, कान आणि मान उघडी ठेवते. चहूबाजूंनी तीन इंच काठ हवा. नुसता पदर वाकलं की सरकतो. म्हणून आम्ही शिवायला बसलो. घट्ट विणीचं निळं कापड, काठात कॅनव्हास, मागं मानेवर झालर, आणि अंबाड्यासाठी भोक, कारण बाजारातल्या टोप्या पुरुषांच्या डोक्याच्या असतात. पहिल्या दहा टोप्यांचे काठ खाली पडून डोळ्यांवर येत होते, त्या उसवल्या. आता जमतंय. एक टोपी नव्वद रुपयांना जाते, मजुरी धरून पंचवीस सुटतात. ट्यूबेला चाळीस सुटत होते.

दोन गोष्टी घाईनं सांगतो, वेळ होत आलाय. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला क्रीम लावू नका, सावलीत ठेवा. आणि क्रीम उष्माघात थांबवत नाही. ट्यूब लावली म्हणून पाण्याशिवाय भर दुपारी राबलात तर चक्कर यायची ती येणारच.

वहिनींचा चेहरा सुधारायला आठ महिने लागले. वांग आहे, पहिल्याइतकाच आहे. त्या आता टोप्यांचे काठ शिवतात, आणि नव्या गटात बोलवलं तर स्वतः उभ्या राहून ट्यूबेची गोष्ट सांगतात. आम्हाला ती त्यांच्या तोंडून ऐकताना अजून मान खाली घालावी लागते.

ज्या मावशींनी पहिल्यांदा विचारलं होतं, त्यांनीच परवाच्या बैठकीत पुन्हा तोंड उघडलं. म्हणाल्या, "टोपी झाली, शर्ट झाला. पण बारा ते तीन वावरात उभं कोण करतं आपल्याला?" यावर कुणी बोलेना. मग ठरलं की मुकादमाला आणि मळेवाल्यांना भेटायचं. चैत्र-वैशाखात काम सकाळी साडेसहाला सुरू करू, साडेअकराला थांबू, साडेतीनला पुन्हा उतरू, मजुरी तेवढीच. सातपैकी चार मळेवाल्यांनी होकार दिला. दोघांनी सांगितलं की विचार करतो. एक म्हणाला, मग दुसऱ्या गावच्या बायका आणीन. दुसऱ्या गावच्या बायका हे ऐकत असतील तर त्यांनाही आमची सावलीची खूण कळली असेल. पुढच्या सोमवारी आम्ही त्या गावच्या ग्रामसंघात जाणार आहोत. वेळ संध्याकाळी पाचची आहे, टोप्या सोबत आणतो.